आमच्या धाब्यावरचं ऊन

यंदाही समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बिबड्यांचं पहिलं फडकं पसरलं गेलं आणि माझं डोकं फिरलं. तसं त्यात फिरण्यासारखं काही नाही. चैत्र संपत आला की खानदेशात हेच चालतं. ज्वारी भिजते, दळली जाते, मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून तिचा घाटा शिजतो आणि ओल्या फडक्यावर हाताने थापलेले बिबडे दिवसभर उन्हात वाळतात. जळगावात आता बचत गटाच्या बायका ते ऑर्डरप्रमाणे करून देतात, आम्ही नोकरदार बायका किलोवर घेतो आणि पावसाळ्यात तळून खाताना आईची आठवण काढतो. वास मात्र तोच. शिजत्या घाट्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत आला की मला बरं वाटायला हवं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत वाटतही होतं.

आता वासाच्या मागोमाग ते गाणं येतं. गच्चीवरच्या बायकांपैकी कुणीतरी मोबाइल कठड्यावर ठेवते आणि सुरू करते. त्यांचं संपलं की खाली गोळेवाल्याचं सुरू होतं. रिक्षात तेच, लग्नाच्या मांडवात तेच, आणि आमच्या शेजाऱ्यांच्या लेकीने तर ते फोनच्या घंटीलाच लावलं आहे.

धाबावर फडकं, फडकावर ऊन,
काय राखस पोरी? राखस मी ऊन.
कावळा उना, देखी गया,
त्याले कळनं, गल्लीले नही.

अहिराणी आहे, पण न समजण्यासारखं त्यात काही नाही. मातीच्या घराचं सपाट छप्पर म्हणजे धाबं. त्यावर एक पोर ओल्या फडक्याची राखण करत बसली आहे. फडक्यावर बिबडे नाहीतच, नुसतं ऊन आहे. कावळा येतो, बघतो आणि निघून जातो. त्याला कळतं, गल्लीला कळत नाही.

लोकांना हे गाणं फार आवडतं. मला ते ऐकवत नाही. कारण सरळच सांगते: मला हेवा वाटतो. ते गाणारी मंगल माझ्या गल्लीतली, माझ्याच वयाची. फडकं आमचं होतं, धाबं आमचं होतं, आणि राखण करणारी ती पोर मी होते.

मंगलच्या वडिलांचं शिंदखेड्याच्या आमच्या गल्लीत किराणा दुकान होतं. तिच्या घरात भूक लागायच्या आधी खाणं समोर यायचं. तिला चपला होत्या, आणि त्या तुटायच्या आत नव्या येत होत्या. पुढे तिला धुळ्याला दिलं, तिथेही सगळं व्यवस्थित. पन्नाशीच्या उंबरठ्यावर जावयाच्या कॅमेऱ्यासमोर ती एकदा गायली काय आणि बघता बघता गावोगावी पोचली काय. त्या व्हिडिओत तिने विटकं लुगडं नेसलंय. एवढं विटकं लुगडं तिच्या घरात भांडी पुसायलासुद्धा नव्हतं. गाण्याखाली लिहिलंय, ‘गीत : पारंपरिक’. मी ग्रंथपाल आहे. पुस्तकाला लेखक नसेल तर मला झोप लागत नाही. त्यामुळे ‘पारंपरिक’ हा शब्द बघितला की तळपायाची आग मस्तकात जाते.

माझाही एक कवितासंग्रह आहे, हे इथे सांगून टाकते. नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. आमच्या ग्रंथालयात त्याच्या दोन प्रती आहेत. मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर दोनच शिक्के आहेत आणि दोन्ही वेळा पुस्तक मीच घरी नेलं होतं. संग्रहात समुद्रावर सात कविता आहेत. मी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला. प्राजक्त आहे, चांदणं आहे, एका बोगनवेलीवर तर दीर्घ कविता आहे. धाबं नाही, घाटा नाही, जिनिंग नाही. ते सगळं मी शिंदखेड्याला कुलूप लावून ठेवून आले होते, आणि मंगलने जाऊन कुलूप काढलं, असं मला वाटत होतं.

गेल्या महिन्यात भाचीच्या हळदीत डीजेवाल्याने हे गाणं लावलं. चाल दुप्पट वेगाने, खाली ढोल. नवऱ्या मुलाचे काके-मामे हात पसरून कावळे झाले आणि मांडवभर उडायला लागले. एकाने रुमाल जमिनीवर पसरला, दुसरा त्याची राखण करायला उकिडवा बसला. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कोपऱ्यात खुर्ची धरून बसले होते. उपाशी घरावरच्या गाण्यावर माणसं इतक्या आनंदाने कशी नाचतात, असा विचार करत होते, आणि तेवढ्यात माझं लक्ष माझ्याच पायाकडे गेलं. पाय ताल धरत होता. मला त्या पायाचा राग आला.

नाचणारे बहुतेक सगळे खाऊन-पिऊन सुखी होते. पण प्रत्येकाच्या मागच्या एखाद्या पिढीत एखादं रिकामं फडकं असणार. ते कुणी सांगत नाही. सांगायचं झालं तर नाचतच सांगता येत असेल. रडत सांगितलं तर ऐकणारा लगेच धीर द्यायला लागतो, आणि ते फार अपमानाचं असतं. हे मला कळतं. मंगलला ते माझ्या आधी कळलं होतं याचाच तर मला त्रास होतो.

ग्रंथालयात रावेरकडची एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येते. सकाळी दार उघडायच्या आधी हजर. दुपारी डबा खाते, संध्याकाळी कुलूप लावताना तिला उठवावं लागतं. चार वर्षं झाली, जागा निघत नाहीत, निघाल्या तर परीक्षा पुढे जाते. परवा ती पुस्तकं परत ठेवताना हेच गुणगुणत होती. मी म्हटलं, “तुलाही हेच आवडतं का गं?” ती म्हणाली, “मॅडम, हे आमच्यावरच आहे. आम्ही पण रोज येऊन ऊनच राखतो ना.” आणि हसली. मला माझ्या सातही समुद्रांची लाज वाटली. लाज वाटली त्यापेक्षा जास्त हेवा वाटला. या मुलीला हवी असलेली ओळ माझ्या घरातली होती आणि ती तिला मंगलकडून मिळाली होती.

तो उन्हाळा मला तारखेने आठवत नाही, वासाने आठवतो. मी बारा वर्षांची होते. वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग दरवर्षीच थांबायची, पण त्या वर्षी ती थांबली ती थांबलीच. फाटकाला साखळी लागली. वडील सवयीने भोंग्याच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून ओट्यावर बसायचे आणि लोकांचे बिघडलेले स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यांच्या कपड्यांवरचं सरकीचे तेलकट तंतू हळूहळू नाहीसे झाले. ते धुतलेल्या कपड्यांतले वडील मला परके वाटायचे.

गल्लीत बिबड्यांच्या पाळ्या असायच्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पहाटे घाटा शिजायचा, तांबडं फुटता फुटता दहा-बारा बायका धाब्यावर गोल करून बसायच्या आणि ऊन चढायच्या आत सगळं थापून मोकळ्या व्हायच्या. ज्या घरचं काम तिने मदतीला आलेल्या बायकांना वाटीभर गरम घाटा द्यायचा, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. ज्वारीच्या त्या घाट्याला जी चव होती ती मी नंतर कशातच चाखली नाही. माझी माय, गल्ली तिला कमळाअक्का म्हणायची, सगळ्या घरी जायची. तिचा हात चालायचा भराभर, पण तिला बोलवायचे ते गळ्यासाठी. एक बाई ओळ सांगणार, बाकीच्या ती उचलणार, अशी रीत. ओळ सांगणारी आमच्या गल्लीत एकच होती.

“अक्का, म्हन व काही. हात चालतस नहीत,” कुणीतरी म्हणायचं. माय दोन बिबडे गप्प थापायची आणि मग सुरू करायची. तिची गाणी कुठे लिहिलेली नव्हती. समोर जे असेल त्यातून ती जोडायची. सासूच्या चुलीपासून जिनिंगच्या साखळीपर्यंत तिला काहीही चालायचं. बायका हसायच्या, ओळ उचलायच्या, पुन्हा हसायच्या. मायच्या घाट्याच्या वाटीतला अर्धा घाटा पदराखालून घरी यायचा, तो माझा आणि भावाचा.

त्या वर्षी आमची पाळी आलीच नाही. ज्वारी खायलाच पुरत नव्हती, बिबड्यांना कुठून आणणार? “कमळाअक्का, तुनाकडे कवय?” आमच्याकडे कधी, असं बायका विचारायला लागल्या. पाळी चुकवली तर लोक समजायचे. समजले की वाट्या यायच्या, झाकलेल्या, फडक्याखालच्या, आणि त्या वाट्यांबरोबर नजरा यायच्या. मायने एका सकाळी वडिलांचं जुनं धोतर ओलं केलं, धाब्यावर नेलं, ताणून पसरलं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. मला हातात काठी दिली. “बस अठे. कावळा येऊ देऊ नको.” मी म्हटलं, “माय, यावर तर काहीच नाही.” ती म्हणाली, “म्हनीसनच राखनं पडी.” खाली जाऊन तिने गल्लीत सांगितलं, आमचे झाले, थोडेच होते, पहाटेच उरकले.

मी तीन दिवस बसले. डोक्यावर ओला पंचा, हातात काठी, समोर पांढरंशुभ्र रिकामं धोतर. दुपारी ते इतकं चमकायचं की डोळे दुखायचे. लांबच्या धाब्यांवरून बघणाऱ्याला शंका येणं शक्य नव्हतं. एकच धाबं आमच्या धाब्याला लागून होतं, ते मंगलचं.

तिच्या धाब्यावर चार खाटा आणि सहा फडकी, भरलेली. तीही काठी घेऊन राखणीला. पहिल्या दिवशी दुपारी ती मधली बुटकी पाळ ओलांडून पाणी प्यायला आली, आणि तिने बघितलं. मी तिच्याकडे बघत राहिले. एक शब्द बोलली असती तर मी काठीनेच मारलं असतं. ती बोलली नाही. माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिची भरलेली फडकी सोडून आमच्या रिकाम्या फडक्यावरचे कावळे हाकलायला लागली. “कावळा लय शेतस आज,” एवढंच म्हणाली. तीन दिवस ती तशी आली. तिच्याकडचे कितीतरी बिबडे कावळ्यांनी नेले आणि तिने आईच्या शिव्या खाल्ल्या. हे मी आज लिहिते आहे तेव्हा कळतं की ते काय होतं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की तिच्या पायात चपला आहेत आणि माझे तळवे भाजत आहेत.

दोन उन्हाळे गेले, जिनिंग दुसऱ्या मालकाने घेतली, वडील पुन्हा कामाला लागले. माझं शिक्षण झालं, जळगावला नोकरी लागली, लग्न झालं. घरं बदलली, शिंदखेड्याला धाबं पाडून भावाने स्लॅब टाकला. माय त्याच्याकडेच असते. ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं, पण कणा ताठ. मी महिन्यातून एकदा जाते, फळं नेते, औषधं नेते. आमचं बोलणं गोळ्यांवर आणि गुडघ्यांवर होतं.

यंदा बिबड्यांचं ते पहिलं फडकं पडलं त्याच आठवड्यात मंगलचा फोन आला. तीन वर्षांत मी तिचं एकदाही कौतुक केलं नव्हतं, आणि ते तिच्या लक्षात आलं नसेल असं नाही. तरी आवाज नेहमीसारखाच.

“उषा, आखाजीले येस ना? गल्लीमा मना कार्यक्रम ठेवेल शे. अक्काले पुढे बसाडनं शे. तू बी ये.”

“बघते,” मी म्हटलं.

“बघू नको. ये.”

मी गेले. मनात काय घेऊन गेले तेही सांगते. गल्लीसमोर, माहेरी आलेल्या सगळ्या लेकीबाळींसमोर मी उभी राहणार होते आणि विचारणार होते, मंगल, ते फडकं कोणाचं होतं सांग. एसटीत बसल्यापासून मी ते वाक्य घोटत होते. धुळ्यापर्यंत त्यात एक टोमणा वाढला, शिंदखेडा येईपर्यंत दोन.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आमच्या गल्लीत माणूस कमी आणि माहेरवाशिणी जास्त असतात. निंबाच्या फांदीला झोका, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस. जेवणं आटोपून दुपारी मंगल आमच्याकडे आली. मायच्या पाया पडली, तिच्या खाटेवरच बसली आणि न विचारता तिच्या पायाला तेल लावायला लागली. घरच्यासारखी. मायने पाय पुढे केला, जणू रोजचंच. माझ्यासमोर माय पाय आखडून घेते, नको म्हणते. ते बघितलं आणि घोटलेलं वाक्य मला कार्यक्रमापर्यंत थांबवेना.

“मंगल, ते गाणं आमच्या घरचं आहे,” मी म्हटलं. “ऊन मी राखलं. तळवे माझे भाजले. तू खाली ‘पारंपरिक’ लिहून मोकळी झालीस. विचारलंस तरी का?”

मंगलचा हात थांबला. तिने माझ्याकडे नाही, मायकडे बघितलं. मायला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. पण गेलं होतं.

“तिनी काय लिधं?” माय म्हणाली. “मीच दिधं.”

“तू दिलंस? तू कधी गायलीस ते? मी तर तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही.”

“तू नको सांगेल व्हतं ना.”

मला खरंच आठवेना. मग मायने आठवण करून दिली, अगदी साध्या आवाजात, काल-परवाची गोष्ट सांगावी तशी. त्याच उन्हाळ्यात, माझी राखण संपल्यावर आठवडाभराने, मंगलच्या धाब्यावर बायका दुसऱ्या खेपेचे बिबडे थापायला बसल्या होत्या. मायने नवीन ओळ सांगितली, धाबावर फडकं, फडकावर ऊन. बायकांनी उचलली, हसल्या. त्यांना वाटलं, अक्काची नेहमीची गंमत. मी घाट्याची वाटी घ्यायला तिथे उभी होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “माय, तू आते गाऊ नको. लोके हासतस.” आणि वाटी न घेता जिना उतरले होते.

“मंग घरमा सोडी दिधं,” माय म्हणाली. “मंगलकडे म्हनू. तिले आवडे. माहेरे उनी की बसे मनापान, आखो म्हन, आखो म्हन.”

म्हणजे मंगल माहेरी आली की मायजवळ बसून ‘अजून म्हण, अजून म्हण’ करायची. बाहेर झोक्याची दोरी करकरत होती. खरंच, जिना उतरल्यापासूनच्या चाळीस वर्षांत मी मायचं एकही गाणं ऐकलं नव्हतं, आणि ते मला कधी जाणवलंही नव्हतं. म्हाताऱ्या होतात, गळा जातो, असं मी धरून चालले होते.

मंगल म्हणाली, “मी अक्कानं नाव लिखेल व्हतं. मोठा अक्षरमा. अक्कानीच सांगं, नको.”

“का?” मी मायला विचारलं.

“तू मोठा जागावर शे. चार लोकेसमा तुले कमीपना येई.”

 मंगलने पुन्हा तेलाची वाटी घेतली आणि मायचा दुसरा पाय मांडीवर घेतला. मग ती म्हणाली, “आज सांगू का नाव? तू म्हन, मंग सांगस.” मायही माझ्याकडे बघत होती. ऐंशीच्या घरातली बाई स्वतःच्या गाण्यावर स्वतःचं नाव लागावं का, हे मला विचारत होती. मी मान हलवून हो म्हटलं. 

उन्हं कलल्यावर गल्लीत मांडवाखाली कार्यक्रम झाला. मंगलने माईकवर सांगितलं, हे गाणं कमळाअक्काचं आहे, माझं नाही, आणि मायला पुढे आणून तिच्या हातात माईक दिला. मायने तो तव्यावरच्या उलथन्यासारखा धरला आणि पहिली ओळ म्हटली. आवाज पातळ झालेला, पण ओळ टाकायची पद्धत तीच, शेवटचा शब्द जरा उचलून समोरच्यांच्या हातात द्यायची. बायकांनी ती घेतली. म्हाताऱ्या, माझ्या वयाच्या, सुना, लेकी. व्हिडिओत तीन कडवी आहेत. ती झाली. मी टाळी वाजवायला हात उचलले, आणि गाणं थांबलंच नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनी सवयीने चौथं उचललं. मंगलने घाईघाईने हात वर केला, पण कोण बघतंय?

पोर म्हने मायले, लोकेसमा गाऊ नको,
माय म्हने गानाले, घरमा येऊ नको.

सगळ्या गल्लीला ते पाठ होतं. माझ्यापेक्षा बरीच लहान असलेल्या भावजयीलासुद्धा. मायही म्हणत होती, डोळे मिटून, अगदी मजेत. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. तिला एक चांगली ओळ सुचली होती आणि ती तिने वापरली होती. मंगल माझ्याकडे बघत होती. व्हिडिओतून हे कडवं तिने का गाळलं होतं ते मला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्यांचे ओठ हलत होते, माझेच तेवढे बंद होते. मला येतच नव्हतं.

त्यानंतर आणखी कडवी झाली. किती, ते मी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायला चहा दिला आणि म्हटलं, “माय, काल म्हटलंस ते पुढचं सांग ना. मी लिहून घेते.” तिने चहा फुंकला, बराच वेळ आठवल्यासारखं केलं. एक ओळ आली, दुसरी अर्ध्यात राहिली. बायकांबरोबर वाहत गेली होती ती, एकटीला सुचेना. “बाकीची गाणी?” मी विचारलं. “साखळीचं? सासूच्या चुलीचं?” तिने मान हलवली.

“आते माले कोठे ध्यानमा ऱ्हास? मंगलले इचार. तिले बठ्ठं येस.”

मंगलला सगळं येतं, एवढं घेऊन मी जळगावला आले. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. आधी मला वाटायचं मंगलने आमची गरिबी नेली, ते सोपं होतं, तिला चोर म्हणता येत होतं. आता कळलं की तिच्याकडे माझी माय आहे, गेल्या चाळीस वर्षांतली, आणि ती मीच जिना उतरताना तिथे सोडून आले होते. हा हेवा कुणावर काढायचा?

तीन दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. ग्रंथालयातून कोऱ्या पानांची एक वही आणली, पहिल्या पानावर मायचं नाव लिहिलं, कमळाबाई, मग पुढे काय लिहायचं ते नसल्यामुळे ती मिटून ठेवली. आज सकाळी समोरच्या गच्चीवर फडकी पसरली गेली तेव्हा मी शेवटी नंबर लावला. मंगलने लगेच उचलला. मी म्हटलं, मायची गाणी हवी आहेत.

“कोन्तं?” तिने विचारलं. “माले बठ्ठा येतस.”

“बठ्ठा सांग,” मी म्हटलं. “हळू सांग. माले एक बी येस नही.”